सेल्फ फिरतो, पण डिझेल गाडी सुरू होत नाही: रेलचा दाब नेमका कुठे कमी पडतो?

बॅटरी चांगली आहे, सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पकडत नाही. स्कॅनर लावला की पी००८७ हा कोड दिसतो, म्हणजे रेलमधला, म्हणजे दाबलेलं डिझेल साठवणाऱ्या नळीतला, दाब कमी आहे. इथून पुढे बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. कोड वाचून कुणी हाय प्रेशर पंप बदलायला सांगतो, तर कुणी चारही इंजेक्टर. पण हा कोड कुठल्याही भागाचं नाव घेत नाही. दाब तयार झाला नाही एवढंच तो सांगतो. टाकीतल्या जाळीपासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत कुठेही बिघडलं तरी कोड हाच येतो. फिल्टरखालच्या शंभर रुपयांच्या ओ-रिंगनेही येतो आणि पंपाच्या आत चुरा झाला तरी येतो.

इथे फक्त कॉमन रेल, म्हणजे सीआरडीआय गाड्यांची तपासणी दिली आहे. जुन्या रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यातली एक सवय इथे जिवावर बेतू शकते. जुन्या गाडीत एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा, काढायला इंजेक्टरच्या लोखंडी पाइपचा नट ढिला करून सेल्फ मारतात. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. सेल्फवरही त्या पाइपात शेकडो बार दाब तयार होतो आणि चालत्या इंजिनात तो हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतला भाग सडू लागतो आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा. हाय प्रेशर पाइपला पाना लावण्याआधी चावी बंद करून निदान पाच मिनिटं थांबा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

दाब कसा तयार होतो

टाकीतून डिझेल जाळीतून, मग फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे येतं. काही गाड्यांत टाकीतला विजेवर चालणारा पंप ते पुढे ढकलतो. काहींत हाय प्रेशर पंपालाच जोडलेला छोटा फीड पंप ते ओढून घेतो. टोयोटाच्या इनोव्हातलं २केडी इंजिन या ओढून घेणाऱ्या प्रकारातलं आहे, म्हणून त्याच्या फिल्टरवर प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हाताने दाबायचा फुगा, असतो. हाय प्रेशर पंपावर मीटरिंग व्हॉल्व्ह असतो. बॉश त्याला एमप्रॉप म्हणते, डेन्सो एससीव्ही आणि डेल्फी आयएमव्ही. पंपाच्या आत किती डिझेल जाऊ द्यायचं हे तो ठरवतो. दाबलेलं डिझेल रेलमध्ये साठतं, तिथे दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि रेलमधून चार पाइप इंजेक्टरांना जातात. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने मागे फिरतं.

रेलमध्ये ठरावीक दाब येईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. बहुतेक गाड्यांत ही मर्यादा १५० ते २५० बारच्या आसपास असते. निरोगी गाडीत सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंदांत तो दाब येतो. आयडलला साधारण २५० ते ३५० बार असतो. म्हणून सेल्फवर १२० बार आले तर गाडी थोडीही पकडणार नाही, सायलेन्सरमधून धूरही येणार नाही.

डिझेलला हात लावण्याआधी

पाच-सात सेकंद सेल्फ मारा आणि दुसऱ्या कुणाला सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा-राखाडी धूर येत असेल तर इंजेक्टर डिझेल टाकत आहेत. मग दाब सोडून हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा टायमिंगकडे बघावं लागेल. धूर अजिबात नसेल तर पुढे वाचा.

सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ते ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, अर्थिंग किंवा सेल्फ बघा. इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे फिरलं नाही तर चांगला पंपही पुरेसा दाब देत नाही. टॅकोमीटरची सुई किंवा स्कॅनरवरचा आरपीएम शून्यावरच राहिला तर इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर संशयात आहे. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत असेल तर तो प्रश्न आधी सोडवा.

डिझेलचा काटाही खोटं सांगतो. काटा पाव टाकी दाखवत असला तरी शंका आल्यास पाच लिटर ताजं डिझेल टाका. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. हा नियम सेल्फच्या मोटरसाठी जेवढा, तेवढाच पंपासाठी आहे. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. कोरडा पंप वारंवार फिरवला की तो आतून खरवडतो. म्हणूनच गाडीला धक्का मारत राहणं किंवा दोरीने ओढत नेणं इथे महागात पडतं. इथरचा स्प्रे तर मारूच नका. हीटर प्लग तापलेला असेल तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो.

स्कॅनर: फक्त कोड नको, चालू आकडे बघा

कोड लिहून घ्या आणि लाइव्ह डेटा उघडा. चार गोष्टी एकत्र पाहिजेत: आरपीएम, रेलचा अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब आणि मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट किंवा टक्केवारी.

सेल्फ मारण्याआधी, रात्रभर उभ्या गाडीत नुसती चावी ऑन करून दाब बघा. तो शून्याच्या जवळ असायला हवा. इंजिन थंड असताना ७०-८० बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे. मग ईसीयूला वाटतं दाब आहे, आणि प्रत्यक्षात तो नसतो.

आता सेल्फ मारा. दाब ० ते ३०-४० बारच्या पुढे हललाच नाही तर पंपापर्यंत डिझेल पोहोचत नाही, एअर धरली आहे किंवा सेन्सर मेला आहे. दाब हळूहळू चढून १०० ते १५० बारवर अडकला तर पंपाला डिझेल मिळतंय पण ते कुठेतरी निसटतंय, किंवा पंप झिजलाय. २५० बारच्या वर जाऊनही गाडी सुरू होत नसेल तर दाबाचा पाठलाग थांबवा. मग कॅम आणि क्रँक सेन्सरचा मेळ, इंजेक्टरची वायरिंग आणि ईसीयूचा सप्लाय तपासा.

स्कॅनर नसेल तर मल्टिमीटर चालतो. सेन्सरला तीन वायर असतात: ५ व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कपलर (वायरचा प्लग) न काढता मागून पिन लावून सिग्नल मोजा. बॉशच्या बहुतेक सेन्सरांवर शून्य दाबाला ०.५ व्होल्ट असतात आणि २०० बारला साधारण १ व्होल्ट. सेल्फ मारताना ०.५ वरून काटा हललाच नाही तर डिझेल पोहोचत नाही, एअर आहे किंवा सेन्सर मेला आहे, ०.७-०.८ वर थांबला तर गळती किंवा झीज. ५ व्होल्टचा सप्लायच नसेल तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघा. उंदराने कुरतडलेली वायर हे पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचं अगदी नेहमीचं कारण आहे.

कमी दाबाची बाजू: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

टाकीपासून हाय प्रेशर पंपाच्या तोंडापर्यंतचा हा भाग तपासायला स्वस्त आहे आणि बिघडतोही सर्वांत जास्त. फिल्टर नुकताच बदललेला असेल तर तो भाग सोडून न देता तिथूनच सुरुवात करा. फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू न होणं हा योगायोग क्वचितच असतो. जुनी ओ-रिंग तशीच चिकटून राहते आणि तिच्यावर दुसरी बसते, खालच्या ड्रेन स्क्रूचं रबर मुरगळतं, वॉटर सेन्सर तिरका बसतो किंवा एअर पुरती काढलेलीच नसते.

फिल्टरखालचं पाणी काचेच्या बाटलीत काढा आणि दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असल्याने तळाला वेगळा थर दिसेल. दुधट डिझेल म्हणजे पाणी त्यात मिसळलेलं आहे. काळा, शेवाळासारखा गाळ म्हणजे टाकीत जीवाणू वाढले आहेत. सुट्टीभर उभ्या राहिलेल्या शाळेच्या बस आणि हंगामापुरती चालणारी यंत्रं यांत हे नेहमी दिसतं. तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून जाळीसकट साफ करावी लागते. रॉकेल किंवा पेट्रोलचा वास आला तर सगळं डिझेल काढून टाका. त्यांच्यात डिझेलचं वंगण नसतं आणि पंपाचे प्लंजर त्यावर झिजतात.

*टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर* चावी ऑन केल्यावर काही सेकंद त्याची घरघर ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि पंपाच्या कपलरवर व्होल्टेज, याच क्रमाने बघा. पंप फिरतो म्हणजे दाब देतो असं मात्र नाही. फिल्टरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दाबमापक लावा. १.५ ते ३ बार हा अनेक गाड्यांतला नेहमीचा पल्ला आहे. त्याहून कमी असेल तर पंप थकला आहे किंवा पाइप गळतो आहे. ४ ते ६ बार दिसले तर खूश होऊ नका, पुढे फिल्टर किंवा पाइप तुंबल्यामुळे दाब मागे साचतो आहे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

*ओढून घेणारी पद्धत असेल तर* तपासणी उलटी होते. इथे दाब मोजायचा नाही, ओढ मोजायची. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्युम गेज लावा. पाऱ्याच्या ८ ते १९ सेंटिमीटरची ओढ ठीक समजावी. २० च्या वर गेली तर फिल्टर, जाळी किंवा पाइप तुंबला आहे. ७ च्या खाली असेल तर एअर शिरते आहे किंवा फीड पंपच झिजला आहे.

एअरची मेख ही की ओढणाऱ्या पाइपात फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. म्हणून कोरडा, स्वच्छ दिसणारा जोडही दोषी असू शकतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये अर्ध्या फुटाचा पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप टाका आणि सेल्फ मारताना बघा. सुरुवातीला एखादा बुडबुडा ठीक आहे, पण अखंड बुडबुडे किंवा फेस चालणार नाही. मग एकेक जोड मागे सरकत तोच पाइप लावत जा. बुडबुडे जिथे बंद होतात, त्याच्या लगेच पुढच्या भागात चोर आहे. क्लिपखाली भेगाळलेला रबरी पाइप, क्विक कनेक्टरची आतली रिंग आणि प्रायमरचा फाटलेला पडदा या तीन जागा आधी बघा.

हाताचा प्रायमर स्वतःच बरंच सांगतो. पंधरा-वीस दाबांत तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबून मऊच राहिला तर एअर आत येते आहे किंवा त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह गेला आहे. दाबलेला फुगा परत फुगतच नसेल तर टाकीकडचा रस्ता बंद आहे. तेव्हा आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा सुस्कारा आला आणि फुगा भरला तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, तुंबला आहे.

शंका उरली तर टाकीलाच वगळा. स्वच्छ कॅनमध्ये पेट्रोल पंपावरून आणलेलं पाच लिटर डिझेल घ्या, तो कॅन इंजिनपेक्षा किंचित वर, गरम भागांपासून दूर बांधा आणि त्याचा पाइप थेट फिल्टरच्या इनलेटला जोडा. रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढून सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर पंप आणि इंजेक्टर निर्दोष आहेत, दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये आहे. अर्ध्या तासाची ही चाचणी हजारो रुपयांचा चुकीचा पंप वाचवते.

गरम असताना की थंड असताना?

ड्रायव्हरला हा प्रश्न नक्की विचारा. सकाळी पहिल्यांदा त्रास देते, प्रायमर दाबला की सुरू होते आणि मग दिवसभर ठीक, असं असेल तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं आहे, म्हणजे एअर. याउलट सकाळी पटकन सुरू होते आणि चहा प्यायला थांबून परत आलं की सुरू होत नाही, असं असेल तर आतली गळती आहे. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून जास्त निसटतं. अशा वेळी हाय प्रेशर पंपावर ओलं फडकं ठेवून तो निवू द्या. फक्त पंप थंड झाल्यावर गाडी सुरू झाली तर संशय पंपावर पक्का होतो. गरम पंपावर बादलीभर पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमच्या बॉडीला तडा जाऊ शकतो.

जास्त दाबाची बाजू

पंपाच्या तोंडाशी स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय, पुरेसं डिझेल येतं हे सिद्ध झाल्यावरच इकडे या. आधी सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन फुंकून घ्या. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात आणि डोळ्याला न दिसणारा कणही तिथे अडकतो. उघडलेलं प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ टोपीने बंद करा. कापसाचा बोळा किंवा सुताचं फडकं कोंबू नका.

मीटरिंग व्हॉल्व्हचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बॉशच्या व्हॉल्व्हचा साधारण ३ ओहमच्या आसपास असतो, डेल्फीचा ५ च्या थोडा वर. ओपन दाखवला तर व्हॉल्व्ह गेला. बॉशचा एमप्रॉप करंट नसताना पूर्ण उघडा राहतो, म्हणून कपलर काढून सेल्फ मारला की पंपाने पूर्ण क्षमतेने डिझेल द्यायला हवं. कपलर लावल्यावर ८० बार आणि काढल्यावर ४०० बार येत असतील तर व्हॉल्व्ह किंवा त्याचं नियंत्रण दोषी आहे, पंप नाही. डेन्सोच्या एससीव्हीवर मात्र ही चाचणी डोळे मिटून करू नका, कारण त्यात करंट नसताना बंद राहणारा प्रकारही येतो. रेलवर किंवा पंपावर वेगळा प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर त्याचा कपलर काढू नका. तो करंटने बंद होतो. करंट गेला की साधारण १०० बारलाच उघडतो आणि तुम्हाला नसलेला दोष सापडतो.

आता रिटर्न. इंजेक्टरच्या डोक्यावरचे रिटर्न पाइप काढा, मुख्य रिटर्न लाइनचं तोंड बंद करा आणि चारही इंजेक्टरांना सारख्या लांबीचे पारदर्शक पाइप लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा. २० मिलीलिटरच्या सिरिंजची नळकांडी यासाठी उत्तम, त्यांच्यावर खुणाही असतात. दहा-दहा सेकंद तीनदा सेल्फ मारा. निरोगी इंजेक्टर सेल्फवर थेंब-दोन थेंब किंवा फार तर थोडंसं डिझेल सोडतो, आणि चारही जवळपास सारखे असतात. एका बाटलीत धार लागली आणि बाकी तीन कोरड्या असतील तर गुन्हेगार सापडला. पिएझो इंजेक्टरांच्या गाडीत हा प्रयोग असा करू नका. बॉशच्या पिएझोला रिटर्नमध्ये सुमारे १० बारचा दाब लागतो, पाइप काढला की ते नीट कामच करत नाहीत.

चारही बाटल्या जवळपास कोरड्या असूनही दाब येत नसेल तर रेलच्या टोकाला असलेल्या प्रेशर लिमिटर व्हॉल्व्हचा रिटर्न काढून बघा. सेल्फवर तिथून एक थेंबही यायला नको. तो व्हॉल्व्ह एकदा जोरात उघडला की पुन्हा घट्ट बसत नाही, असं बरेचदा होतं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या रिटर्नचीही हीच तपासणी करा.

हे सगळं कोरडं निघालं तरच पंपावर बोट ठेवा. खात्रीसाठी रेलची इंजेक्टरकडची तोंडं स्टीलच्या तयार कॅपने बंद करून पंप एकटा किती दाब देतो ते बघतात. सेल्फवर चांगला पंप १००० बारच्या पुढे जातो. ही चाचणी योग्य कॅप आणि स्कॅनर असलेल्या पंप वर्कशॉपमध्येच करून घ्या. बोल्ट घासून बनवलेली घरगुती कॅप या दाबाला गोळीसारखी उडते.

पंप बदलण्याआधी एक नजर

मीटरिंग व्हॉल्व्ह काढा आणि त्याच्या जाळीवर टॉर्च मारा. चांदीसारखी किंवा सोनेरी चमक दिसली तर पंप आतून खरवडला आहे आणि चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्न असा फिरत टाकीपर्यंत गेला आहे. अशा गाडीत नुसता नवा पंप बसवणं म्हणजे त्यालाही तोच चुरा खायला घालणं. खर्च मोठा असला तरी पाइप आणि रेल बदलणं किंवा तज्ज्ञाकडून साफ करणं, इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासणं, टाकी धुणं आणि फिल्टर नवा टाकणं एकाच वेळी करावं लागतं. मालकाला हे काम सुरू करण्याआधीच सांगा.

जोडताना

सोडलेला हाय प्रेशर पाइप शक्य तर नवाच टाका, कारण त्याचं टोक घट्ट करतानाच बसतं आणि दुसऱ्यांदा तसं बसेलच असं नाही. टॉर्क पान्यानेच आवळा. नवा फिल्टर बाहेरून डिझेल ओतून भरू नका. स्वच्छ बाजूला न गाळलेलं डिझेल गेलं की ते थेट पंपात जातं. प्रायमरने भरा, किंवा इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा. इंजेक्टर बदलले असतील तर त्यांच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरा. डेन्सो गाडीत एससीव्ही किंवा पंप बदलला असेल तर जुनी लर्निंग व्हॅल्यू, म्हणजे ईसीयूने जुन्या भागासाठी साठवलेला आकडा, पुसा, नाहीतर आयडल डोलत राहतं.

गाडी सुरू झाली की कोड पुसा, आयडलचा दाब बघा आणि पारदर्शक पाइप काढण्याआधी दहा मिनिटं बुडबुड्यांवर लक्ष ठेवा. मग वजन घेऊन चढावर एक फेरी मारा आणि त्या वेळी अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब सोबत जातात का ते स्कॅनरवर पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी प्रायमरला हात न लावता पहिल्या सेल्फला सुरू झाली, तरच ती मालकाच्या ताब्यात द्या.